दाबून धरायची कळ

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके. ही तेरा नावे संगणकावर मराठीत लिहून पाहण्याचा एक उद्योग मी मध्यंतरी केला. निवृत्त माणसाला असले उद्योग सुचतात आणि घरचेही त्याला फारसे अडवत नाहीत. लिहिण्यासाठी वापरला तो 'इनस्क्रिप्ट' कळफलक. म्हणजे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ठरवून दिलेली अक्षरांची मांडणी. मलकापूर, नांदुरा, मेहकर आणि संग्रामपूर ही चार नावे एकामागून एक कळा दाबत सरळ लिहून झाली. उरलेल्या नऊ नावांत मात्र कुठे ना कुठे अडले. खामगाव, चिखली आणि सिंदखेडराजा यांत 'ख' आडवा आला. शेगावात 'श', लोणारात 'ण', मोताळ्यात आणि जळगाव जामोदमध्ये 'ळ'. देऊळगाव राजाला 'ऊ' आणि 'ळ' अशा दोन जागी थांबावे लागले. खुद्द बुलढाण्यालाही 'ढ' आणि 'ण'.

ही अक्षरे लिहायची तर 'शिफ्ट' नावाची कळ एका बोटाने दाबून धरावी लागते, आणि ती धरलेली असतानाच दुसऱ्या बोटाने अक्षराची कळ दाबावी लागते. ज्याचे दोन्ही हात धड आहेत, त्याला हे एक वेगळे काम आहे हेसुद्धा जाणवत नाही. पण ज्याचा एकच हात चालतो, ज्याची बोटे आखडली आहेत, किंवा जो तोंडात काडी धरून कळा दाबतो, त्याच्या लेखी तेरातल्या नऊ तालुक्यांच्या दाराला कडी लागलेली असते. तालुके राहू द्या, 'आई' हा शब्द घ्या. दोनच अक्षरे, आणि दोन्हींना शिफ्ट लागते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की या कडीची किल्ली फार पूर्वीच तयार झालेली आहे. ती फुकट आहे आणि बहुतेक प्रत्येक संगणकात आहे. ती आहे हे ठाऊक असलेली माणसे मात्र आपल्याकडे फार थोडी भेटतात.

पायाच्या अंगठ्याची सही

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालींचे होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा २९ लाखांहून अधिक. पण आकड्यांपेक्षा आपली गल्ली डोळ्यांसमोर आणलेली बरी. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले गुरुजी, संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या काकू, हात थरथरतो म्हणून चहाचा कप बशीत ठेवूनच पिणारे शेजारी, जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठरलेली एखादी मुलगी. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला. पण त्या आधी ज्यांना पोलिओने गाठले ते आज संसारात, नोकरीत आहेत. आणि आपल्या सोयाबीनच्या पट्ट्यात थ्रेशरमध्ये हात गेलेला माणूस दर दोन-चार गावांआड भेटतो.

बँकेत ही सगळी माणसे माझ्या टेबलासमोर आली. सही जुळत नाही हा बँकेतला रोजचा प्रश्न. हात थरथरतो त्याची सही महिन्यागणिक बदलते. ज्याला सहीच करता येत नाही, त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना जुन्या आणि स्पष्ट आहेत. हाताच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा घ्यावा. दोन साक्षीदार असावेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. एवढेही जमत नसेल तर खातेदाराला जी खूण करता येईल ती खूण. मी स्वतः खेड्यातल्या एका घरी जाऊन, बाजेवर पडून असलेल्या एका वृद्धाच्या पायाच्या अंगठ्याला शाई लावून पैसे काढण्याच्या अर्जावर ठसा घेतला आहे. घरच्या बायका पदराआड हसत होत्या. म्हातारबुवा मात्र गंभीर होते. व्यवहार त्यांचा होता.

त्या सूचनेमागचा विचार मला नेहमी मोठा वाटत आला आहे. सही म्हणजे हात नव्हे; सही म्हणजे माणसाचा इरादा. तो ज्या अवयवातून बाहेर पडेल त्याला मान्यता द्यायची. कागदाच्या काळात कळलेली ही गोष्ट संगणकाच्या काळात आपण विसरलो की काय, अशी शंका येते. माझ्या ओळखीच्या एका सहकाऱ्याची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. डोके शाबूत, हिशेब चोख, डावा हात तयार. पण शाखेत संगणक येऊन बसलेले, आणि 'यांना आता मशीन कसे जमणार' म्हणून त्यांना आवक-जावक टपालाच्या टेबलावर बसवण्यात आले, ते निवृत्तीपर्यंत. ज्या यंत्रामुळे त्यांना बाजूला केले, त्याच यंत्रात त्यांच्या कामाची सोय होती. सांगणारे कोणी नव्हते.

लिहिण्याचे यंत्र कोणासाठी?

टंकलेखन यंत्र हे कचेऱ्यांसाठी आणि कारकुनांसाठी निघाले, असे आपण धरून चालतो. त्याचा जन्म पाहिला तर गोष्ट वेगळी दिसते. १८०८च्या सुमारास इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने लिहिण्याचे एक यंत्र बनवले, ते दृष्टी गेलेल्या एका उमराव घराण्यातल्या स्त्रीसाठी, कॅरोलिना फँटोनी हिच्यासाठी. तिला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत हा हेतू. ते यंत्र हरवले, पण तिने त्यावर लिहिलेली काही पत्रे टिकून आहेत. पुढे डेन्मार्कमध्ये मूकबधिरांच्या शाळेचे प्रमुख असलेल्या रास्मुस मालिंग-हॅन्सन यांनी १८७०च्या सुमारास गोलाकार 'लेखनचेंडू' तयार केला. तत्त्ववेत्ता नीत्शे याची दृष्टी अधू झाली तेव्हा त्याने १८८२ साली तोच घेतला होता.

म्हणजे सुरुवातीची यंत्रे बनवणाऱ्यांच्या नजरेसमोर अधू माणूस होता. धंदा वाढला आणि तो नजरेआड झाला. १८७८च्या रेमिंग्टन यंत्रात शिफ्टची कळ आली आणि एका कळीवर दोन अक्षरे बसली. कळा निम्म्या झाल्या हे खरे. पण 'एक धरा, दुसरी दाबा' ही अट तेव्हापासून लिहिण्याच्या यंत्राला चिकटली ती चिकटलीच. आपल्या देवनागरीत तर ती अधिकच बोचते. इंग्रजीला शिफ्ट लागते ती मुख्यतः वाक्याच्या आरंभी आणि नावांना. आपल्याला ती ख, घ, थ, ध, फ, भ, श, ण, ळ यांना लागते, आणि अ, आ, इ, ई अशा प्रत्येक सुट्या स्वराला. इनस्क्रिप्टची मांडणी तशी मोठी बुद्धीची आहे: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, डावा-उजवा, डावा-उजवा अशी फुगडी खेळत शब्द तयार होतो. पण फुगडीला दोन जणी लागतात.

१९६०च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेज मॅलिंग यांनी मानेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णांसाठी एक यंत्रणा तयार केली. नळीत फुंकर मारायची किंवा हवा ओढायची, आणि त्यावर दिवा, घंटा, टंकलेखन यंत्र चालवायचे. तिचे नाव 'पॉसम'. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो' असा आहे.

पाच वेळा शिफ्ट

आता ती किल्ली. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 'ट्रेस सेंटर'मध्ये ग्रेग व्हँडरहायडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही सोयी तयार केल्या, की ज्यांना कोणतेही नवे यंत्र जोडावे लागत नाही. संगणकाच्या वागण्यातच थोडा बदल करायचा. १९९५च्या 'विंडोज ९५'पासून त्या विंडोजमध्ये अंगभूत आहेत.

पहिली 'स्टिकी कीज'. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबा. संगणक विचारेल, ही सोय सुरू करू का? 'हो' म्हटले की शिफ्ट दाबून धरण्याची गरज संपते. शिफ्ट एकदा दाबून सोडायची, मग सावकाश अक्षर दाबायचे. मधल्या वेळात संगणक शिफ्ट लक्षात ठेवतो. शिफ्ट दोनदा दाबली तर ती तिसऱ्यांदा दाबेपर्यंत अडकून राहते. एवढ्यानेच ती नऊ गावे उघडतात. बोट एक असो, तोंडातली काडी असो, की कपाळाला बांधलेली दांडी असो.

दुसरी 'फिल्टर कीज'. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ही सुरू होते. हात थरथरणाऱ्याचे बोट कळीवर दोनदा-तीनदा आपटते आणि 'क' लिहायला जावे तर 'कककक' उमटतो. ही सोय असली की संगणक ओझरता धक्का सोडून देतो, ठरलेला वेळ टेकलेले बोटच खरे मानतो. तिसरी 'माउस कीज': माउस धरता येत नसेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी पडद्यावरचा बाण हलवता येतो. चौथी पडद्यावरचा कळफलक, जो विंडोजची कळ, कंट्रोल आणि 'ओ' दाबले की उघडतो. त्यात अक्षरांच्या रांगा एकेक करून उजळत जातात अशीही सोय आहे; हवी ती रांग उजळली की एक बटण दाबायचे, मग त्या रांगेतली अक्षरे उजळत जातात, पुन्हा एकदा दाबायचे. म्हणजे माणसाला शरीराची एकच हालचाल मनासारखी करता येत असली तरी लिहिता येते. ती हालचाल बोटाची असेल, गुडघ्याची असेल, गालाची असेल.

आणि काही साधने अशी, की ज्यांना संगणकातले काहीच कळावे लागत नाही. प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याला प्रत्येक कळीवर बरोबर येईल असे भोक पाडायचे आणि तो पत्रा कळफलकावर बसवायचा. ताठरलेला हात त्या पत्र्यावर टेकवता येतो आणि बोट चुकून शेजारच्या कळीवर जात नाही. परदेशातून मागवायला गेले तर ही वस्तू महाग पडते. पण आपल्याकडे दुकानांच्या पाट्या कापून देणारा कारागीर हे काम माप घेऊन करून देऊ शकतो. पकड नसलेल्या हाताला पट्ट्याने पेन्सिल बांधायची आणि तिच्या खोडरबराच्या टोकाने कळा दाबायच्या, हे तर घरातही जमते.

गंमत अशी, की पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर येणारी ती खिडकी पुष्कळांनी पाहिलेली असते. संगणकावर खेळणारी मुले तिला वैतागतात आणि ती कायमची बंद करून टाकतात. इंटरनेट कॅफेमधले, क्लासमधले संगणक पाहा. बहुतेक ठिकाणी ती बंद केलेलीच आढळते. ज्याला तिची गरज आहे तो तिथे येतो, पाच वेळा शिफ्ट दाबतो, आणि काहीच घडत नाही.

चोवीस आणि तीस

नांदुरा तालुक्यातला एक मुलगा गेले वर्षभर रविवारी माझ्याकडे येतो. त्याच्या तालुक्याच्या नावाला शिफ्ट लागत नाही, जिल्ह्याच्या नावाला दोनदा लागते. पदवीधर आहे. एका हंगामात सोयाबीन काढताना त्याचा डावा हात कोपराखाली गेला. वडिलांची चार एकर शेती, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे. त्याला लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला बसायचे आहे. या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द लागतो. तो एका टायपिंगच्या क्लासमध्ये नाव घालायला गेला, तेव्हा तिथल्या संचालकांनी त्याच्या रिकाम्या बाहीकडे पाहून सांगितले, की दोन हातांशिवाय टायपिंग होत नसते. ते बोलले तेही दुष्टाव्याने नव्हे. उगीच पैसे वाया जाऊ नयेत अशा कळवळ्याने.

तो माझ्याकडे आला तेव्हा उजव्या हाताने 'ळ' कसाबसा काढायचा, करंगळी शिफ्टवर ताणून. पण 'आ' आणि 'ई' डाव्या बाजूला. तिथे हात पुरेना. तेव्हा तो मिनिटाला सहा शब्द लिहीत होता. स्टिकी कीज सुरू करून दिल्यावर आधी त्याने 'आई' लिहिले, मग बहिणीचे नाव, मग 'बुलढाणा'. मी हळू हळू म्हणत होतो. तो म्हणाला, "काका, दोन हातवाला बी एका टायमाले एकच अक्षर लिहिते ना?" या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

कळफलक थोडा डावीकडे सरकवायचा, म्हणजे एक हात मधोमध येतो. बोटांची घरे नव्याने ठरवायची. वारंवार येणाऱ्या शब्दांचा रियाज वेगळा करायचा. असे करत करत तो आज २४ शब्दांवर आला आहे. ३० आणि २४ यांच्यात सहा शब्दांचे अंतर आहे. ते तो भरून काढेल असे त्याचा हात पाहून वाटते. पण परीक्षेच्या खोलीतल्या संगणकावर ती सोय सुरू करू देणार की नाही, हा प्रश्न त्याच्या रियाजाने सुटणारा नाही. त्याने लेखी अर्ज दिला आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे. परवानगी मिळाली नाही तर त्याचे २४ शब्द पुन्हा सहावर येतील, आणि निकालपत्रात त्याचे कारण कुठेही लिहिलेले नसेल.

कायदा त्याच्या बाजूचा आहे. १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याची जागा घेणारा २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे आणि 'वाजवी सोय' करून देण्याचे बंधनही आहे. लेखी परीक्षांसाठी केंद्राने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ दिला आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. 'अपंग' शब्दाच्या जागी 'दिव्यांग' शब्द आला. शब्द बदलला ते ठीकच. पण त्या मुलाला हवी आहे ती सन्मानाची पाटी नव्हे, एका खिडकीवरचे 'हो'.

एक करंगळी, एक गाल

मुंबईच्या मालिनी चिब यांना जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. चालणे नाही, बोलणे सहज समजत नाही. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली. मालिनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनला पुढचे शिक्षण घेतले आणि हाताच्या एका छोट्या बोटाने टंकलेखन करत आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच 'वन लिट्ल फिंगर'. कादंबरीकार म्हणून मला ठाऊक आहे, की दहा बोटांनी लिहिणारेही दोनशे पानांचा मजकूर पुरा करताना थकतात. एका बोटाच्या लेखकाला एखादे विशेषण ठेवायचे की गाळायचे याचा विचार कितीदा करावा लागत असेल!

स्टीफन हॉकिंग यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना स्नायू निकामी करणारा आजार असल्याचे कळले. १९८५ साली श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेत वाचा गेली. त्यानंतर त्यांना जी संगणकप्रणाली मिळाली ती कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वॉल्टोझ यांनी केलेली होती, आणि तिच्या मुळाशी त्यांच्या सासूबाईंचा असाच आजार होता. घरातल्या एका म्हाताऱ्या बाईसाठी झालेले काम जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञाची वाचा झाले. सुरुवातीला हॉकिंग बोटाने बटण दाबून मिनिटाला सुमारे १५ शब्द लिहीत. पुढे बोट गेले, मग गालाच्या स्नायूची हालचाल टिपणारे यंत्र चष्म्याला लावले. शेवटच्या वर्षांत वेग मिनिटाला एक-दोन शब्दांवर आला होता. इंटेल कंपनीने त्यांच्यासाठी केलेली नवी प्रणाली २०१५ साली सर्वांसाठी मोफत खुली केली. आज डोळ्यांच्या बुबुळांच्या हालचालींनी लिहिण्याची सोयही संगणकांत आणि काही फोनमध्ये आली आहे.

आपल्या सर्वांच्या फोनमध्ये शब्द अर्धा लिहिला की पुढचा सुचवला जातो ना, त्याची नाळही इथेच आहे. बटणांच्या फोनवर नऊ कळांत शब्द ओळखणारी 'टी-नाइन' पद्धत ज्यांनी काढली, त्यांनी कामाची सुरुवात अपंगांच्या लेखनसाधनांपासून केली होती. अधू माणसासाठी केलेली सोय धडधाकटांनी उचलली, आणि ती कोणासाठी होती हे विसरले. तुर्रीच्या यंत्राचेही हेच झाले होते.

मराठीची अडचण, वऱ्हाडीची अडचण

शब्द सुचवणाऱ्या यंत्राला मराठी जड जाते, कारण आपले शब्द प्रत्ययांनी लांबत जातात. घर, घरात, घराला, घरातून, घरासमोरचा. यंत्राने 'घर' सुचवले तरी पुढची शेपटी लिहिणाऱ्यालाच जोडावी लागते. या बाबतीत आपल्याकडे काही चांगली कामे झाली आहेत. मुंबईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनसाठी 'स्वरचक्र' केले. व्यंजनावर बोट टेकवले की भोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि बोट तसेच सरकवून का-कि-की निवडता येते. शिफ्टचे नाव नाही. तिथेच बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांवरून बोलणारे 'जेलो' तयार झाले.

२०१७ साली फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आली, तेव्हा अनेकांनी मला सांगितले, की आता हाताचा प्रश्नच मिटला. मिटला असता तर बरे झाले असते. ज्यांचे हात मेंदूच्या पक्षाघाताने गेले, त्यांची वाचाही बहुधा अडखळती असते. नेमके ज्यांना हवे त्यांचेच बोलणे यंत्राला उमगत नाही. दुसरे, आपल्याकडची बोली. माझ्या कादंबरीतल्या म्हातारीचे 'मले काहून सांगता' मी तोंडाने सांगून पाहिले, तर पडद्यावर भलतेच काही आले. जळगाव जामोदचा शेतकरी जसा बोलतो तसे यंत्राने ऐकायला अजून शिकायचे आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून पत्र कसे लिहायचे? तक्रार, प्रेमपत्र, डॉक्टरला विचारायचा नाजूक प्रश्न, आणि बँकेचा पासवर्ड? अपंग माणसाला आधीच एकांत कमी. अंघोळीला माणूस, जेवायला माणूस. निदान लिहिणे तरी त्याचे एकट्याचे असू द्यावे. बोटाने, काडीने, गालाने लिहिण्याची साधने म्हणूनच जुनी होत नाहीत.

बँकांचेही सांगायला हवे. पैशाच्या सुरक्षिततेसाठी कुलपे लागतात हे मी आयुष्यभर सांगत आलो. पण वेडीवाकडी अक्षरे अमुक वेळात ओळखून लिहा, मिनिटभरात सहा आकडे भरा, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, अशा अटी चोराबरोबर खातेदारालाही बाहेर ठेवतात. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना डोळे मिचकावता येत नव्हते म्हणून ओळख पटवता येत नव्हती. त्यांच्या आणि दृष्टिहीनांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. पायाच्या अंगठ्याला मान्यता देणाऱ्या जुन्या सूचनेचेच हे नवे रूप आहे.

आपल्या हातातले

या सगळ्यात मोठा खर्च कुठेच नाही. टायपिंगच्या प्रत्येक क्लासने एक संगणक असा ठेवावा, की ज्यावर या सोयी बंद केलेल्या नाहीत. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि सेवा केंद्रात एखाद्या टेबलाखाली चाकाची खुर्ची जाईल एवढी जागा असावी. आयटीआयच्या मुलांना कळफलकाचा भोकांचा पत्रा हा एक प्रात्यक्षिकाचा नमुना म्हणून द्यायला काय हरकत आहे? उपकरणवाटपाची शिबिरे होतात, तिथे तीनचाकी सायकली, कुबड्या, कॅलिपर मिळतात; मोठे एकच बटण असलेला स्विचही मागावा. मागणाराच नसेल तर यादीत तो येणार कसा? केंद्राची अशा साधनांसाठीची योजना १९८१पासून चालू आहे. आणि परीक्षा घेणाऱ्यांनी प्रवेशपत्राबरोबर एक ओळ छापावी: कळफलकाच्या कोणत्या सोयी सुरू करून हव्यात?

आणि घरी? घरात असे कोणी असेल तर आज दुपारी जेवणे झाल्यावर संगणकापाशी त्याला बसवा आणि शिफ्ट पाच वेळा दाबून पाहा. एका दिवसात काही होणार नाही. वेग येईल तेव्हा येईल. तोवर एक पथ्य पाळावे लागते, आणि ते घरच्यांनाच अवघड जाते. तो अक्षर शोधत असतो, आपल्याला शब्द आधीच कळलेला असतो, आणि मायेपोटी आपण तो बोलून टाकतो. कधी कधी हात पुढे करून लिहूनही देतो. तेवढे करू नये. शेजारी बसावे, वाटल्यास भाजी निवडावी, शेंगा सोलाव्यात. वाक्य त्याला त्याच्या मनासारखे संपवू द्यावे. आपल्याला वाटले होते त्याहून ते वेगळे निघण्याचा संभव असतो.